गालगुंड

लहानपणच्या आजारांनाही प्रतिष्ठेची उतरंड असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आमच्या घरापुरते सांगावयाचे तर ती फार काटेकोरपणे लावलेली होती. सर्वांत वरचा मान अर्थातच देवीचा. तिचे नाव कोणी एकवचनात घेत नसे. ‘देवी आल्या’ असे म्हणावयाचे, त्यांना दहीभाताचा नैवेद्य दाखवावयाचा, आणि मूल वाचले तर ती त्यांची कृपा मानावयाची. न वाचले तरी त्यांच्याविषयी वावगा शब्द काढावयाचा नाही. देवीच्या खालोखाल गोवर. त्याला देवत्व नव्हते, पण दरारा होता. गोवर ‘बाहेर पडला’ म्हणजे आजी सुटकेचा निःश्वास टाकी. तो ‘आत जिरला’ असे कोणी म्हटले की माजघरातील बायकांचे आवाज एकदम खाली येत. मग काळ्या मनुकांचे पाणी, खिडकीवर टाकलेले जुने लुगडे आणि त्या अंधारात डोळे मिटून पडलेले मूल. त्यानंतरचा मान कांजिण्यांचा. ह्या म्हणजे देवीच्या गरीब नातलगच म्हणाव्यात. तोंडवळा तोच, पण स्वभाव पुष्कळ सौम्य. अंथरुणाखाली कडुलिंबाचा पाला, दाराला कडुलिंबाची डहाळी आणि शेवटी त्याच पाल्याच्या पाण्याने न्हाणे, एवढ्यावर त्या संतुष्ट होऊन निघून जात.

आणि ह्या पंगतीच्या अगदी शेवटी, ज्याला धड पत्रावळही मिळालेली नाही असा पाहुणा म्हणजे गालगुंड. त्याला ना देवी, ना नैवेद्य, ना दरारा. गालगुंड झालेल्या मुलाला पाहून लोक हसत. आईसुद्धा हसे. ज्याला झाले आहे तो स्वतः आरशात पाहून हसू लागे, आणि हसताना गाल दुखला म्हणजे रडू लागे. ते पाहून घरातील माणसे अधिकच हसत. एवढ्या सर्वांना हसविणाऱ्या ह्या आजाराविषयी मी आज लिहावयास बसलो आहे, त्याला एक कारण आहे. ते कारण माझ्या धाकट्या बहिणीच्या डाव्या कानात आहे.

परंतु आधी ह्या आजारांच्या सुखाविषयी थोडे लिहिले पाहिजे; नाहीतर मी कृतघ्न ठरेन. चार भावंडांच्या घरात आईचा हात एकट्याच्या कपाळावर बराच वेळ टेकून राहण्याचा योग तापाशिवाय येत नसे. एरव्ही ज्या आजोबांपुढे उभे राहण्याची छाती होत नसे, ते आजारपणात उशाशी बसून गोष्ट सांगत. पाढे नाहीत, शुद्धलेखन नाही, विहिरीवरून पाणी आणणे नाही. विशेषतः आजार उतरणीला लागल्यानंतरचे आठ दिवस. अंगात ताप नाही, पण शाळेने तर येऊ नको म्हणून सांगितलेले. अंथरुणावर पडून आढ्याच्या तुळया मोजाव्यात, रस्त्यावरच्या फेरीवाल्याचे ओरडणे ऐकावे, आणि भावंडे शाळेस निघाली की त्यांच्याकडे मोठ्या अनुकंपेने पाहावे. असे दिवस माणसाला पुढे एकदम निवृत्तिवेतन सुरू झाल्यावरच मिळतात.

लहानपणच्या आजारांची अशी गोड वर्णने पुष्कळांनी केली आहेत आणि ती खोटी नाहीत. फक्त ती लिहिणारी माणसे सगळी त्या आजारांतून धडधाकट उठलेली असतात, ही गोष्ट मला फार उशिरा सुचली.

१९६२ सालचा डिसेंबर महिना होता. मी दहा वर्षांचा होतो आणि आम्ही साताऱ्यास राहत होतो. चीनशी झालेले युद्ध थांबून महिना उलटला होता, आणि शाळेच्या संमेलनात मुलांकडून वीररसाखेरीज दुसऱ्या रसाची अपेक्षा नव्हती. एका शिवकालीन नाटुकल्यात मला मावळ्याचे काम मिळाले होते. माझ्या वाट्याला वाक्ये दोनच. पण त्यांतले एक साक्षात महाराजांच्या समोर उभे राहून म्हणावयाचे होते. ते वाक्य मी त्या महिन्यात किती वेळा म्हटले असेन ह्याचा हिशेब माझ्या भावंडांनाच विचारावा.

संमेलनाच्या दोन दिवस आधी जेवताना मी लिंबाच्या लोणच्याची फोड तोंडात घातली, आणि डाव्या कानाखाली सुरी फिरावी तशी कळ आली. डोळ्यांत पाणी उभे राहिले. ती फोड मी हळूच ताटाखाली सरकविली व कोणास काही बोललो नाही. वर्गात त्या आठवड्यात तीन मुलांच्या जागा रिकाम्या होत्या आणि त्यांचे कारण आम्हां सर्वांस ठाऊक होते. म्हणजे आपल्याला काय झाले आहे हे न समजण्याइतका मी अजाण नव्हतो. पण मी सांगितले असते तर ते वाक्य दुसरा कोणीतरी बोलला असता.

दोन दिवस मी मोठ्या कौशल्याने काढले. भात कालवून गिळला, भाकरी ताकात भिजवून खाल्ली, बोलताना तोंड कमी उघडले. आदल्या दिवशी दुपारी मला एक पेरू मिळाला. निम्मा कसाबसा खाल्ला. पुढे चावणे अशक्य झाले. तेव्हा उरलेला निम्मा मी माझ्या पाच वर्षांच्या बहिणीला देऊन टाकला. दादाने आपण होऊन काही देणे हा प्रकार इतका अपूर्व होता की, ती संध्याकाळपर्यंत घरात ज्याला त्याला ते सांगत होती. रात्री ती नेहमीप्रमाणे माझ्याच गोधडीत निजली.

नाटुकले उत्तम झाले. मुंडाशाचे एक टोक हनुवटीखालून बांधले होते, त्यामुळे गालाची गोष्ट गालातच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र लपविण्याजोगे काही उरले नाही. दोन्ही गाल कानांपासून हनुवटीपर्यंत भरून आले होते आणि कानांच्या पाळ्या वर उचलल्या गेल्या होत्या. आजीने सहाणेवर रक्तचंदन उगाळून दोन्हीकडे जाड लेप दिला. वडील कचेरीत जावयास निघाले होते, त्यांनी दारातून एकवार पाहिले आणि हात जोडून म्हणाले, “आज शनिवार नाही, रविवार आहे, मारुतराय एक दिवस उशिरा आले.” घरभर हशा पिकला. माझी बहीण तर टाळ्या पिटून नाचू लागली. तिला माझ्या खोलीत येण्याची मनाई झाली, आणि ती मनाई मोडून ती दिवसातून दहा वेळा मारुतीचे दर्शन घेण्यास येत राहिली.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी तिच्या हातावर तिळाची वडी ठेवली. ती तोंडात घातल्याबरोबर तिने गाल धरला आणि ती रडू लागली. तिला सूज एकाच बाजूस आली, डाव्या. माझ्यापेक्षा पुष्कळच कमी. ताप दोन दिवस होता. एक दिवस ती पुष्कळ ओकली आणि घर फिरते आहे असे म्हणून भिंतीला धरून बसली. पित्त झाले असेल, असे सर्वांनी ठरविले. सातव्या-आठव्या दिवशी ती अंगणात खेळू लागली, आणि गालगुंड आमच्या घरातून निघून गेले असे आम्हांस वाटले.

मे महिन्याच्या सुट्टीत आतेभावंडे आली, मामेभावंडे आली, आणि अंगणात रोज आंधळी कोशिंबीर सुरू झाली. बहिणीवर राज्य आले की आम्हांस विशेष मौज वाटे. कारण तिला कोठूनही हाक मारा, ती हटकून उजवीकडे वळे. डावीकडून मारली तरी उजवीकडे. मागून मारली तरी उजवीकडे. हात पुढे करून ती मोकळ्या अंगणात चालत सुटे, आणि आम्ही पाठीमागे तोंडावर हात दाबून हसत असू. हाका मारण्यात मीच पुढे होतो.

आजोबांचे खिशातले घड्याळ होते. दुपारच्या वेळी त्यांची मर्जी असली म्हणजे ते एकेका नातवाच्या कानाला लावून टिकटिक ऐकवीत. एके दिवशी त्यांनी ते बहिणीच्या डाव्या कानाला लावले. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाली, “आजोबा, बंद पडलं.” आजोबांनी घड्याळ स्वतःच्या कानाशी नेले, पुन्हा तिच्या डाव्या कानाशी धरले, मग उजव्या कानाशी. “आता चालू झालं,” ती म्हणाली. आजोबांनी घड्याळ मिटून खिशात ठेवले आणि त्या दुपारी पुन्हा कोणालाच ते ऐकविले नाही.

डॉक्टरांनी कानात दिवा टाकून पाहिले, सूरकाटा वाजवून तो कपाळावर व कानामागे टेकविला, आणि आतली नस गेली आहे, ह्यावर औषध नाही, असे सांगितले. मागे काही ताप वगैरे आला होता काय, असे त्यांनी विचारले. आई म्हणाली, “नाही. आपलं साधं गालगुंड झालं होतं पौषात.” डॉक्टरांनी मान हलविली. आईच्या तोंडचा तो ‘साधं’ हा शब्द अजून माझ्या कानांत आहे. माझे दोन्ही कान शाबूत आहेत.

ह्या साध्या रोगाची पुढे मी पुष्कळ चौकशी केली. तो एका विषाणूमुळे होतो. कानाच्या पुढे व खाली लाळ तयार करणारी जी ग्रंथी असते तिला सूज आली म्हणजे गाल फुगतो. आंबट पदार्थाने लाळ सुटू लागते, म्हणून लोणच्याच्या फोडीने कळ येते. रोग फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात थासोस बेटावर आलेल्या त्याच्या साथीचे वर्णन हिप्पोक्रॅटीसच्या नावावरील ग्रंथात आहे: तरुण मुले, विशेषतः आखाड्यात जाणारी, कानाजवळ सूज, कोणाला एका बाजूस, कोणाला दोन्ही, ताप फारसा नाही. काहींना पुढे वृषणाची दुखणी लागली, हेही त्यात नमूद आहे. क्वचित हा विषाणू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो, आणि हजारो मुलांत एखाद्याच्या आतल्या कानात शिरून तेथील श्रवणाची सूक्ष्म यंत्रणा कायमची बिघडवितो. बहुधा एकाच बाजूची. घेरी आणि ओकारी ही कधीकधी त्याचीच खूण असते. आम्ही जिला पित्त म्हटले ती कदाचित तीच घटका असेल.

शरीरात शिरल्यापासून सूज दिसेपर्यंत ह्या रोगास बहुधा सोळा ते अठरा दिवस लागतात. संमेलनाची तारीख माझ्या प्रशस्तिपत्रकावर आहे: २९ डिसेंबर. पेरू दिला तो २८ ला. संक्रांत १४ जानेवारीची. मध्ये सतरा दिवस. हे गणित मी प्रथम केले तेव्हा महाविद्यालयात होतो, आणि त्यानंतर ते पुन्हा करून पाहण्याची आवश्यकता मला कधी वाटली नाही.

वैद्यकाचे ग्रंथ माझ्या बाजूनेही साक्ष देतात, हे मी नाकारीत नाही. सूज येण्याच्या आधी दोनएक दिवसांपासून हा रोग लाळेतून दुसऱ्याकडे जाऊ लागतो. म्हणजे लोणच्याच्या फोडीच्या वेळीच मी सर्व काही सांगितले असते, मला त्याच घटकेस माडीवर कोंडले असते, तरीही एका गोधडीत निजणाऱ्या मुलीस तो आधीच लागला असण्याचा संभव आहे. शिवाय तेव्हा ह्या रोगावर आज देतात तशी लसच नव्हती. कोणतेही न्यायालय मला संशयाचा फायदा देऊन सोडून देईल. पण न्यायालयापुढे पेरूचा पुरावा आलेला नसतो.

त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, १९६३ च्या मार्चमध्ये, जगाच्या दुसऱ्या टोकाला काय घडले ते मी पुष्कळ वर्षांनी वाचले. फिलाडेल्फियाजवळ मॉरिस हिलमन नावाचे एक शास्त्रज्ञ राहत असत. लसी तयार करणे हाच त्यांचा उद्योग होता. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीने मध्यरात्री त्यांना उठविले. तिचा घसा दुखत होता, गाल सुजला होता. मुलीचे नाव जेरिल लिन. त्यांनी तिला पुन्हा निजविले, मोटार काढून ते आपल्या प्रयोगशाळेत गेले, तेथून साहित्य घेऊन आले, मुलीच्या घशातला स्राव कापसाच्या बोळ्यावर घेतला आणि तो नेऊन प्रयोगशाळेत गोठवून ठेवला. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विषाणू कोंबडीच्या अंड्यांतील गर्भात वाढवीत वाढवीत इतका दुबळा केला की, तो रोग देईना, पण रोगाची ओळख मात्र शरीरास पटवून देई. १९६६ साली ती लस ज्या मुलांना दिली त्यांत जेरिल लिनची धाकटी बहीण कर्स्टन हीही होती. १९६७ साली अमेरिकेत त्या लसीस परवाना मिळाला, आणि तिच्यातील विषाणूला जेरिल लिन हेच नाव राहिले.

पाच वर्षांची मुलगी, तेच वर्ष, तोच गाल. एका घरात थोरल्या बहिणीचा आजार धाकटीचे रक्षण करणारा ठरला. दुसऱ्या घरात थोरल्या भावाचा आजार धाकटीचा कान घेऊन गेला. हिलमन ह्यांच्या घरात एक शास्त्रज्ञ होता आणि आमच्या घरात नव्हता, एवढाच फरक आहे असे मी पूर्वी म्हणत असे. आता मला दुसराही एक फरक दिसतो. त्या मुलीने मध्यरात्री बापाला उठवून आपले दुखणे सांगितले.

लसींचा इतिहास वाचीत गेले म्हणजे प्रयोगशाळांपेक्षा आजारी मुलांचीच गाठ अधिक पडते. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचली. ह्या देशात ती यशस्वीपणे टोचून घेतलेली ती पहिली म्हणून नोंदली गेली आहे, आणि तिच्या दंडावरील फोडातून ती पुढे इतर मुलांना देण्यात आली. १९५४ साली बोस्टनजवळच्या डेव्हिड एडमन्स्टन ह्या शाळकरी मुलास गोवर झाला. त्याच्या रक्तातून वेगळा केलेला विषाणूच १९६३ च्या गोवराच्या लसीचा मूळपुरुष. जपानात मिचिआकी ताकाहाशी ह्यांच्या लहान मुलास कांजिण्यांनी फार छळले. त्या यातना पाहिलेल्या बापाने १९७४ साली कांजिण्यांची लस सिद्ध केली, ती ओका ह्या दुसऱ्या एका मुलाच्या अंगावरील फोडांतील विषाणूपासून. देवीचे तर उच्चाटनच झाले. भारतातील शेवटचा रोगी १९७५ सालचा, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. ज्यांचे नाव एकवचनात घेण्याची छाती नव्हती त्या देवी गेल्या. आणि साधे म्हणविणारे आजार मागे राहिले.

‘साधा’ ह्या शब्दाचा मला आताशा संशय येऊ लागला आहे. जो आजार सर्वांना होतो तो साधा, असा त्याचा अर्थ आपण करतो; वास्तविक सर्वांना होतो म्हणजे तो कोणाकोणाला महागात पडला हे गर्दीत दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. ‘एकदाचा होऊन जाऊ दे, म्हणजे पुन्हा नको,’ असे आमची आजी गोवराविषयी म्हणे. त्यात अर्धे सत्य आहे, हे पीटर पानुम ह्या तरुण डॅनिश डॉक्टरने १८४६ सालीच फॅरो बेटांवर पाहिले. त्या साथीत बेटांवरील बहुसंख्य माणसे आजारी पडली. परंतु पासष्ट वर्षांपूर्वी, १७८१ च्या साथीत, ज्यांना गोवर होऊन गेला होता ते म्हातारे सुरक्षित राहिले. उरलेले अर्धे सत्य आजीस ठाऊक असणे शक्य नव्हते. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताची तपासणी करून २०१९ साली असे दाखविण्यात आले की, गोवर येऊन जाताना इतर रोगांविरुद्ध शरीराने जमविलेली प्रतिद्रव्येही तो पुसून नेतो; कोणाची ११ टक्के, कोणाची ७३ टक्क्यांपर्यंत. म्हणजे गोवर बरा झालेले मूल पुढे कितीतरी दिवस दुसऱ्याच कशाने तरी आजारी पडत राहते, आणि त्याचा दोष आपण हवेला देतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडच्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि त्यात मुले दगावली. तो साधा नव्हता. तो केवळ ओळखीचा होता. कांजिण्यांचेही तेच. त्या अंगावरून उतरतात, पण त्यांचा विषाणू मज्जातंतूंत लपून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले तर माणूस जगत नाही असे म्हणणाऱ्या आजीला, ती नागीण म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या कांजिण्याच, असे कोणी सांगितले असते तर तिने पदर तोंडाला लावला असता.

आणि गालगुंड? २०१७ साली आपल्या देशातील सरकारी लसीकरणात गोवराला रुबेलाची जोड देण्यास सुरुवात झाली. गालगुंडाला त्या लसीत जागा मिळाली नाही. त्याला सबळ कारण असेल. ज्या रोगाने मुले मरतात त्याचा बंदोबस्त आधी व्हावा, हा न्याय कोणीही मान्य करील. गालगुंडाने क्वचितच कोणी मरते. ते फक्त आंधळ्या कोशिंबिरीत हरविते.

माझी बहीण कशाकशात हरली ह्याची यादी मी कधी केली नाही. तिने तर नाहीच नाही. गाणे शिकण्याची तिला हौस होती. तंबोऱ्याजवळ बसली की आपला आवाज व तंबोरा ह्यांची गल्लत होते असे ती म्हणू लागली, आणि वर्षभरात तिने ते सोडून दिले. लग्नाच्या वेळी वडिलांनी प्रत्येक ठिकाणी आधी कानाचे सांगितले. जवळच्या काही मंडळींनी त्यांना समजाविले की, मुलीला फक्त उजवी बाजू पाहुण्यांकडे करून बसवा म्हणजे झाले. वडील म्हणाले, “मारुतीची थट्टा मी केली, आता आणखी नाही.” दोन स्थळे परत गेली. तिसरे आले ते सर्व ऐकून आले. पुढे ती शिक्षिका झाली. डाव्या बाजूच्या बाकांवरील मुलांना काय कुजबुजले तरी चालते, हे पहिल्या आठवड्यात वर्गास कळून येई; आणि ती वर्गाच्या डाव्या टोकाला भिंतीशी उभी राहून शिकविते, हे दुसऱ्या आठवड्यात. रात्री ती उजवा कान उशीत घालून निजते. “जगाला दार लावायची सोय फक्त मलाच आहे,” असे ती आपल्या नातवंडांना सांगते.

गेल्या वर्षी माझ्या नातीला नववा महिना लागला. मुलाने विचारले, “बाबा, दवाखान्यात गोवराची देतातच. डॉक्टर म्हणतात, गालगुंडाचीही असलेली तिहेरी लस आहे, ती वेगळी विकत घ्यावी लागेल. पण तो तर साधा आजार ना?” माझी बहीण तेव्हा आमच्याकडे आलेली होती आणि खिडकीशी भाजी निवडीत बसली होती. मी उत्तर देण्यास तोंड उघडले, आणि मुलाऐवजी तिलाच सांगू लागलो. लोणच्याची फोड, रिकाम्या जागा, मुंडासे, पेरू, सतरा दिवस, सगळे. इतक्या वर्षांत मी ते कोणासही सांगितले नव्हते.

तिने भाजी निवडणे थांबविले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “तो पेरू मला आठवतो, दादा. तू आपण होऊन मला दिलेली ती एकच वस्तू.”

मी हसण्याचा प्रयत्न केला. पण ती हसत नव्हती.

“तू हे मला तेव्हाच सांगायला हवं होतंस,” ती म्हणाली. “त्या दिवाळीत मी कानात चिंचोका घातला होता. आईनं तो काढला आणि पाठीत धपाटा घातला. कान जाईल म्हणाली. मग कान गेला. मी किती वर्षं समजत होते की तो मीच घालवला. डॉक्टर कानात बघत होते तेव्हा चिंचोक्याचं कळेल म्हणून मी श्वास धरून बसले होते. गालगुंडानं कान जातो हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा मला मुलगा झालेला होता.”

मी काय बोलणार? तिचा कान मी घालविला की नाही ह्याचा निवाडा कधीच होणार नाही. परंतु हसण्यावारी नेलेल्या त्या आजाराविषयी आम्ही घरात एक शब्दही बोललो नाही, आणि त्या मौनात एका पाच वर्षांच्या मुलीने स्वतःवर आरोप ठेवून स्वतःस शिक्षा दिली. त्या मौनात माझा वाटा पूर्ण होता. त्याला संशयाचा फायदा नाही.

नातीला तिहेरी लस टोचून आणली ती बहिणीनेच. मी बाहेर बाकावर बसून राहिलो.

बहिणीबरोबर रस्त्याने जाताना मला नेहमी एक अडचण पडते. तिच्या डावीकडून चालावे तर वाहनांपासून तिला जपता येते, कारण त्या बाजूचा भोंगा तिला कळत नाही. पण मग माझे बोलणेही तिला ऐकू येत नाही. उजवीकडून चालावे तर गप्पा होतात आणि डावी बाजू उघडी पडते. आजवर मी मुकाट्याने डावीकडून चालत आलो. परवा भाजीबाजारातून परतताना तिने माझी बाही धरली आणि मला ओढून पलीकडे घेतले. म्हणाली, “उजवीकडे ये, दादा. गाड्या माझ्या मी बघते. तू बोल.”